उलटं म्यान

आमच्या घरी सुऱ्या बनतात हे मला लग्नाआधी सांगितलं होतं. सासूबाई बनवतात हे सांगितलं नव्हतं. मी आपली समजले, सासरे बनवत असतील. पहिल्यांदा घरी गेले तर सासूबाई चष्मा लावून, पदर खोचून, फिरत्या पट्ट्यावर पोलाद घासत होत्या, ठिणग्या त्यांच्या पायांशी लोळण घेत होत्या, आणि सासरे खिडकीत बसून म्यान शिवता शिवता गुणगुणत होते. चहाही सासऱ्यांनीच केला. फक्कड करतात.

मोठं काही नाही, छोट्या सुऱ्या. पातं बोटाएवढं, मूठ तेवढीच. न मिटणाऱ्या. पातं आणि मुठीतलं पोलाद एकाच तुकड्याचं, मध्ये बिजागरी नाही की खटका नाही. त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाही, पण मिटत नाही म्हणजे धार कायम बाहेर, आणि म्हणून म्यानाशिवाय गत्यंतर नाही. सासूबाईंची सुरी, सासऱ्यांचं म्यान. त्यांचं लग्नही मला असंच वाटतं, फक्त धार कोण हे विचारू नये.

या घरात एक नियम आहे. कुठलीही नवी सुरी गिऱ्हाइकाला देण्याआधी घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाने ती सकाळपासून चार वाजेपर्यंत अंगावर वागवायची. त्या माणसाने ‘हो’ म्हटलं तरच ती बाहेर जाते. आधी हे काम सासूबाईंच्या सासूबाईंकडे होतं. मग माझ्या नवऱ्याकडे आलं, कारण तो पालीला घाबरतो. मी आले आणि पहिल्याच आठवड्यात ते बिनविरोध माझ्याकडे आलं. मुलगी झाल्यावर तर माझ्या आसपाससुद्धा कुणी उरलं नाही.

मुलगी अडीच वर्षांची आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, आणि ती त्या नावाला जागते. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली आहे, त्यामुळे मला जगातल्या निम्म्या धोक्यांची नावं पाठ आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचा अंदाज आहे. टेबलांच्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवला आहे. द्राक्ष मी उभं चिरून देते, चार तुकडे. घर आणि कारखाना यांच्यामधल्या दाराला तीन कड्या आहेत, त्यातली तिसरी माझ्याही हाताला पोचत नाही. नवऱ्याला हाक मारावी लागते.

तर झाडवाली आली तेव्हा हे सगळं असं होतं.

झाडवाली म्हणजे उंच झाडांवर दोरानं चढून वाळलेल्या फांद्या उतरवणारी बाई. खांदे दारात मावत नाहीत, हसली की कपबशा वाजतात. तिची बाजारातली सुरी मागच्या महिन्यात वरून निसटून खाली पडली, ती खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या बुटापासून वीतभर अंतरावर रुतली. बूट होता म्हणून नव्हे, वीत होती म्हणून वाचला.

“काकू,” ती सासूबाईंना म्हणाली, “मला अशी करून द्या की पडणार नाही. आणि दोर अडकला, मी लटकले, तर एका हातानं निघेल. दुसरा हात मोकळा नसतो माझा.”

“देते की,” सासूबाई म्हणाल्या. “पण आमच्या सूनबाईनं पास केली तर.”

झाडवालीने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा भिंगरीच्या तोंडातून बटण काढत होते.

“किती वेळ लागेल पास व्हायला?”

“ते आम्हीही विचारत असतो,” सासरे म्हणाले.

अकरा सुऱ्यांना मी ‘नाही’ म्हटलं. उगाच नव्हे हं. पहिली मूठ शिसवी लाकडाची होती, दिसायला इतकी देखणी की नवऱ्याने तिचा फोटो काढला, माझा काढायचा सोडून. रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी लाकूड फुगलं आणि मूठ पोलादाला जोडणाऱ्या रिव्हेटशी केसासारखी चीर. नाही. दुसरी शिंगाची. घासताना जळक्या केसांचा वास, आणि साबणाचा हात लावला की मासोळीसारखी सटकायची. नाही. पितळेची थंडीत हाताला चावायची. दोरी गुंडाळलेली एकदा भिजली की दोन दिवस ओली. रबराची चिकट व्हायची आणि तिला भिंगरीचे केस, मांजराचे केस, बिस्किटाचा चुरा, सगळं चिकटायचं. उरलेल्या सहांचीही काही ना काही कारणानं हीच गत.

“आता काय ढगाची करू मूठ?” सासूबाई म्हणाल्या.

उत्तर मला कपाटात सापडलं. भिंगरीची जुनी दुपटी. सात-आठ होती, पिवळी, धुऊन धुऊन मऊ झालेली, बदकं छापलेली. टाकवत नव्हती आणि ठेवून करायचं काय तेही कळत नव्हतं. कापडाचे थर राळेत भिजवून दाबले की त्याची फळी होते हे मी कॉलेजात शिकले होते. मी मापात राळ आणि कडक करणारं द्रव्य मिसळलं, तोंडाला मास्क, हातात मोजे, भिंगरी तिच्या आजोबांबरोबर दोन गल्ल्या लांब, सगळ्या खिडक्या सताड. चाळीस थर. वर लाकडाची फळी, तिच्यावर शिकंजा, शिकंज्यावर मी. दुसऱ्या दिवशी दगडासारखी घट्ट वडी निघाली.

सासूबाईंनी ती घासली तसे थर उलगडत गेले, नकाशातल्या डोंगरासारख्या रेघा, पिवळ्यावर फिकट पिवळ्या. बदकं पार विरघळली होती. फक्त एका बाजूला, अंगठा टेकतो तिथे, एका बदकाचा काळा डोळा शिल्लक राहिला होता.

“बघतंय बघ माझ्याकडे,” सासूबाई म्हणाल्या.

पातं म्यानात ठेवूनच मी ती तेल लावून धरली, साबण लावून धरली, कुस्करलेलं केळं लावून धरली. ओली झाली की ही मूठ उलट जास्त पकडते, कापडाचा खरखरीतपणा वर येतो. आणि पिवळी असल्यामुळे पाचोळ्यात पडली तरी दिसेल. “पण पडणारच नाही,” मी घाईघाईने म्हटलं.

मूठ पास झाली. घरात लाडू वाटायचेच बाकी होते. आता प्रश्न उरला, ती ठेवायची कुठे.

गळ्यात अडकवून बघितली. भिंगरीने दोरीला लटकून झोका घेतला. जोर बसला की सुटणारी कडी बसवली. ती सुटली आणि भिंगरी ढुंगणावर आपटली. नाही. कमरेला उजवीकडे उभी लावली, तिथे पिशवी असते. डावीकडे लावली, तिथे भिंगरी असते. खिशात क्लिपने अडकवली, खिशात रुमाल, ओले रुमाल, सुके रुमाल. मागे पाठीच्या कण्यावर आडवी लावून बघितली, पण मनात आलं की पाठीवर पडलं तर? रात्री नवऱ्याला उठवून विचारलं. तो म्हणाला, “पोटावर पडायचं.”

“वहिनी, तुमच्या अंगावर जागाच शिल्लक नाही की हो,” झाडवाली म्हणाली. ती आता येता-जाता डोकावायची. “माझंही तसंच. कमरेला पट्टे, मांड्यांना पट्टे. एकच जागा मोकळी आहे.” तिने डाव्या छातीवरच्या खांद्याच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “इथं. उलटी. मूठ खाली, पातं वर. हात खाली नेला की निघाली.”

उलटी! म्हणजे पृथ्वी दिवसभर तिला खाली ओढत राहणार आणि मधे फक्त म्यानाची पकड. त्या रात्री मी झोपले नाही.

सासऱ्यांनी मात्र मनावर घेतलं. चामड्याचं बाजूला ठेवून त्यांनी प्लास्टिकची जाड पत्री जुन्या ओव्हनमध्ये मऊ केली. (स्वयंपाकाचा ओव्हन वेगळा. ती माझी अट.) ती सुरीभोवती दाबून थंड केली, तशी तिने सुरीचा आकार धरला. कडेला एक स्क्रू, त्याच्या पोटात रबराची चकती. स्क्रू पिळला की पकड घट्ट, सैल सोडला की सैल. सुरी आत गेली की ‘टक्’ वाजायचं. सासरे ते टक् ऐकून डोळे मिटायचे. त्यांनी स्क्रू पिळून बेताला आणला, वर रंगाचा एक ठिपका लावला आणि म्हणाले, “बास. याच्यापुढे हात लावायचा नाही.”

बारावी सुरी. झाडवालीला दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या रस्त्यावरच्या सगळ्यात उंच झाडावर चढायचं होतं. चार वाजता ती येणार होती: सुरी घेऊन जाणार, नाहीतर जुनीच सुरी सुतळीने बांधून वर जाणार. सुतळीने!

सकाळी मी पट्टा खांद्यावर चढवला. सासऱ्यांची पाठ वळताच, भिंगरीच्या बोलक्या हत्तीची बॅटरी बदलायचा पेचकस घेतला आणि स्क्रू पिळला. थोडासा. मग अजून थोडा. मग एक अख्खा फेरा. सासऱ्यांचा ठिपका पुसून, स्क्रू थांबला त्या जागी पेनाने नवा केला. परीक्षेत मी कधी कॉपी केली नाही, पण केली असती तर अशीच दाराकडे बघत केली असती.

आणि काय सांगू! मी उड्या मारल्या, हलली नाही. जिने उतरले, चढले, पुन्हा उतरले. चादर झटकली. भिंगरीला मूठ दिली आणि म्हटलं, ओढ. तिने दोन्ही हातांनी ओढली, पाय माझ्या पोटाला लावून ओढली, लाल झाली, रडली. सुरी ढिम्म! मला इतका आनंद झाला की मी तिला घेऊन स्वयंपाकघरात नाचले. सासूबाई डोकावल्या. “काय गं, आज चेहऱ्यावर ‘हो’ दिसतंय?”

“दिसतंय आई,” मी म्हटलं. “चार वाजू देत.”

आनंदाच्या भरातच मी भिंगरीला बागेत घेऊन गेले. वर नवऱ्याचं जर्किन घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. कारण बागेच्या फाटकावर सूचनांची पाटी आहे, तिच्यातली तिसरी ओळ आहे: ‘धारदार वस्तू आत आणू नयेत.’ ती ओळ मी लिहिली आहे. त्यासाठी मी सह्या गोळा केल्या होत्या.

बागेत दोरांच्या जाळीचा एक बोगदा आहे, वरून खाली तिरका उतरणारा, खाली वाळू. वयोमर्यादेचीही पाटी आहे, तीही माझीच, पण ती खालची मर्यादा आहे, मोठ्यांना अडवणारी नाही. भिंगरी पाटीला न जुमानता वर चढली आणि बोगद्यात शिरली. तिच्या मागे मीही डोकं घालून शिरले. ती घसरत खाली गेली. मी नाही गेले. जर्किनच्या कमरेची नाडी जाळीच्या गाठीत गुंतली आणि मी अधांतरी अडकले, डोकं खाली, पाय वर, डाव्या हाताने जाळी घट्ट धरलेली, कारण सोडली तर नाडी अजूनच आवळायची.

“आई, तू वटवाघूळ!” खालून भिंगरी ओरडली.

आणि तेव्हा मला आठवलं. सुरी आहे की! मी खुदकन हसले. एकुलता मोकळा हात, अडकलेली दोरी, लटकलेली बाई, अगदी झाडवालीने सांगितलं होतं तस्संच. उजव्या हाताने चेन उघडली, मूठ धरली. हात घामाने चिंब, पण मूठ कशी बसली म्हणून सांगू, जशी काही माझ्या तळहातासाठीच विणली होती. ओढली.

निघाली नाही.

पुन्हा ओढली. पट्टा आला, खांदा आला, सुरी आली नाही. मूठ हात सोडेना आणि म्यान सुरी सोडेना.

“एक, दोन, पाच!” भिंगरी माझ्या झटक्यांना मोजत होती. “अजून, आई! अजून!”

उलट्या लटकलेल्या माणसाच्या डोक्यात रक्त लवकर पोचतं आणि अक्कलही. मी त्या बदकाच्या डोळ्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहत होता, आणि मला एकदम दिसली झाडवाली. उद्या सकाळी, चार मजले वर, एका हातावर. माझा एक फेरा तिच्या हातात. बारा सुऱ्या मी अंगावर वागवल्या. पडते का, पडते का, पडते का, एवढंच बघितलं. निघते का, हे एकदाही बघितलं नव्हतं. घरात लहान मूल आहे, उगाच कशाला बाहेर काढा, म्हणून एकही सुरी मी कधी म्यानातून काढलीच नव्हती!

मग मी जर्किनमधून निघाले. म्हणजे एक हात बाहेर, दुसरा बाहेर, आणि धप्पकन डोक्यावर वाळूत. जर्किन वर लोंबत राहिलं. मी उठले, तोंडातली वाळू थुंकली, आणि बघते तर बाकांवरच्या सगळ्या आया माझ्या छातीवरच्या पिवळ्या सुरीकडे बघत होत्या. माझ्या मागे फाटकावर तिसरी ओळ.

जुळ्यांची आई पुढे आली. सह्यांच्या कागदावर पहिली सही तिची होती. मी डोळे मिटले.

“मूठ कशाची आहे हो?” तिने हळूच विचारलं.

“दु... दुपट्याची.”

“हिच्या?”

“हिच्या.”

“माझ्याकडे दोघांची आहेत,” ती म्हणाली. “चौदा. टाकवत नाहीत.”

मी तिला पत्ता सांगितला की नाही आठवत नाही. भिंगरीला काखोटीला मारून धावत सुटले, वाटेत हसायला येत होतं, रडायलाही येत होतं, आणि सुरी, अर्थातच, जरासुद्धा हलत नव्हती.

घरी पोचले तर झाडवाली लवकरच येऊन बसलेली, समोर सासऱ्यांचा चहा. माझ्या केसांतून वाळू गळत होती.

“मग?” सासूबाई म्हणाल्या. “हो ना?”

“नाही,” मी म्हटलं.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांचा कप बशीवर आपटला. झाडवालीने खिशातून सुतळीचं बंडल काढून मांडीवर ठेवलं.

“थांबा! सुरी चांगली आहे. म्यानही चांगलं आहे. मी... मी स्क्रू पिळला. सकाळी. एक फेरा, आणि वर थोडा. ठिपकाही मीच रंगवला.” आणि मग बागेतलं सगळं सांगितलं. एका दमात, जाळी, नाडी, वटवाघूळ, वाळू. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. “आणि आई, आजवर मी एकही काढून बघितली नाही. कधीच. बारांमधली एकसुद्धा नाही.”

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारला. 

“म्हणजे,” सासूबाई सावकाश म्हणाल्या, “तू माझ्या अकरा सुऱ्या नापास केल्यास. आणि हात लावून एकदाही उपसली नाहीस?”

“धार असते ना तिला, आई.”

आधी सासरे हसले. मग झाडवाली, आणि कपबशा वाजायला लागल्या. मग सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. “धार असते म्हणे! अगं, त्यासाठीच तर मी जन्म घालवला!”

“बाबा, तुमचा ठिपका...” मी म्हटलं.

“ठिपका कशाला हवाय,” सासऱ्यांनी बोटं दाखवली. “इथं आहे तो.” त्यांनी डोळे मिटून स्क्रू उलटा फिरवला, मागे, अजून मागे, आणि एका जागी थांबले. सुरी उपसली, घातली. टक्. “हे.”

“तसं चालायचं नाही,” मी म्हटलं. माझा स्वतःचाच आवाज मला ओळखू येईना. “मला जाळीत होते तसं लटकवा.”

झाडवाली उठली. तिच्या गाडीत सगळं होतं. दहा मिनिटांत कारखान्याच्या लोखंडी तुळईला दोर, मला कमरेला आणि मांड्यांना पट्टे, खाली गादी, गादीवर दुसरी गादी (ती मी मागितली), आणि कडीच्या पलीकडे दारातल्या काचेला नाक लावून भिंगरी. झाडवालीने दोर ओढला. कारखाना उलटा झाला. सासूबाईंच्या चपला आकाशात गेल्या.

“हलवा!” मी ओरडले.

दोघींनी मला धरून गदागदा हलवलं. गरगर फिरवलं. आधी पाय खाली, मग डोकं खाली करून वरून सोडलं, मध्येच अडवलं. सुरी जागच्या जागी. सासरे मोजत होते, तीस झटके झाले.

“आता काढ,” सासूबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

डावा हात मी दोराला धरला. उजव्याने मूठ शोधली, अंगठा बदकाच्या डोळ्यावर टेकला. ओढली.

टक्.

हातात होती. इतकी हलकी, इतकी सहज, की मी तिच्याकडे बघतच राहिले. माझी बारावी सुरी आणि पहिली. झाडवालीने एक जुना दोराचा तुकडा समोर ताणून धरला. मी पातं टेकवलं, आणि दोर तुटला हे मला आवाजावरून कळलं. मग न बघता तशीच उलटी लटकलेली मी ती परत घातली. टक्.

“हो,” मी म्हटलं. मग ओरडून म्हटलं. “हो! हो! हो!”

“ऐकलं मी, घर पाडशील,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुतळीचं बंडल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. झाडवालीने माझ्या खांद्यावरचा पट्टा सोडवून स्वतःच्या खांद्यावर चढवला, मूठ खाली, पातं वर. तिच्यावर तो जास्त शोभला. मला जरा वाईट वाटलं.

“मी पण!” काचेमागून भिंगरी. “मी वटवाघूळ!”

“थांब गं, आधी मी,” सासूबाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी सासऱ्यांच्या हातात दिला. “तीस वर्षं सुऱ्या करतेय, पण उलटं होऊन बघितलं नाही कधी.”

“अगं, तुझी पाठ...” सासरे म्हणाले.

“माझी पाठ माझ्याकडे. तू दोर धर.”

मी खाली उतरले, पट्टे त्यांना चढवले, प्रत्येक कडी दोनदा ओढून बघितली, तिसऱ्यांदाही बघितली. गादी सरळ केली. झाडवालीने दोर ओढला आणि सासूबाई सावकाश उलट्या झाल्या, अंबाडा सुटला, पिना टपाटप गादीवर पडल्या. मी एकेक पीन वेचून मोजत होते, कारण भिंगरी पिना तोंडात घालते.

“कसं वाटतंय काकू?” झाडवालीने विचारलं.

वरून, म्हणजे खालून, सासूबाईंचा चेहरा टोमॅटोसारखा लाल.

“अगं सूनबाई,” त्या म्हणाल्या, “त्या आधीच्या अकरा आण बघू इकडे. एकेक करून दे माझ्या हातात. आणि तू पण काढ.”